उंदीर धरायचे, मोजायचे, सोडायचे: खानदेशातल्या शिबिराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी झाली की आम्ही सातपुड्याच्या पायथ्याला आठवडाभराचं शिबिर लावतो. प्राणिशास्त्राची मुलं, दोन-तीन शिक्षक, पन्नासेक सापळे आणि एक जीप. शिबिराच्या आधी महिनाभर फोन वाजत राहतो, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. निम्मे विद्यार्थ्यांचे, काही त्यांच्या आईवडिलांचे, काही ज्यांच्या वावरात आम्ही सापळे लावतो त्या शेतकऱ्यांचे. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लहान सस्तन प्राणी म्हणजे उंदीरच ना?

बहुतेक उंदीरच, पण सगळे नाहीत. ढोबळमानाने किलोभराच्या आतले जमिनीवरचे, बिळातले आणि झाडावरचे सस्तन प्राणी आम्ही यात धरतो. घरातला काळा उंदीर, शेतातली घूस, इवलं शेतउंदीर, मऊ केसांचा मिलार्डिया, झुडपात राहणारा गोलुंडा, लांब उड्या मारणारा जर्बिल आणि पाच पट्ट्यांची खार, ही कुरतडणाऱ्यांची मंडळी. चिचुंद्री दिसते उंदरासारखी, पण ती त्या कुळातली नाही. ती किडे खाणारी आहे (प्रश्न ११). सातपुड्यात वृक्षचिचुंद्रीही आहे. दिवसा फिरते, लांबून खारच वाटते, फक्त पाठीवर पट्टे नसतात आणि तोंड निमुळतं असतं. वटवाघळं आम्ही घेत नाही. त्यांची जाळी वेगळी, परवानगी वेगळी, आणि रेबीजची लस आधी घ्यावी लागते.

२. वाघ-बिबट्या सोडून उंदरांच्या मागे कशाला? आणि तेही खानदेशात?

हा प्रश्न गावात पहिल्याच संध्याकाळी येतो. एका आजीबाईंनी तर सरळ सुनावलं होतं, "भाऊ, उंदीर आमना घरमा भलता शेतस, तठे लावा ना!" (उंदीर आमच्या घरातच भरपूर आहेत, तिथे लावा ना!) लावलेही. तीन रात्रींत काळे उंदीर आणि एक चिचुंद्री मिळाली. बांधावरचं एकही जनावर त्या घरात नव्हतं. हेच तर बघायचं असतं. घर, खळं, बांध, नाला, जंगल, दर शंभर पावलांवर रहिवासी बदलतात. घुबड, साप, कोल्हा, रानमांजर या सगळ्यांचं पोट ज्यांच्यावर चालतं ते कोण, किती आणि कुठे, हे माहीत नसेल तर वरच्या प्राण्यांबद्दल आपण अंदाजच करत बसतो.

खानदेशाचं म्हणाल तर या कामात आपला मान जुना आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ मध्ये देशभरातल्या सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली, तेव्हा संग्राहक क्रंप यांनी सुरुवात खानदेशातून केली. रॉटन यांनी लिहिलेला पाहणीचा पहिला अहवाल १९१२ मध्ये आला तोही खानदेशाचाच. सोसायटीचे तेव्हाचे सचिव मिलार्ड यांचं नाव वरच्या मिलार्डियाला आहे. म्हणजे आपल्या बांधावरचा एक साधा उंदीर मुंबईच्या एका साहेबाचं नाव घेऊन फिरतो आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो.

३. उंदीर पकडायला परवानगी लागते का? घरात तर सगळेच पकडतात.

घरात उंदीर धरणं आणि रानात अभ्यासासाठी सापळे लावणं, यात कायद्याच्या नजरेत फरक आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दात पकडणं आणि सापळ्यात अडकवणंही येतं. पूर्वी उंदीर पाचव्या अनुसूचीत, म्हणजे उपद्रवी प्राण्यांत होते. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि ती अनुसूचीच उरली नाही. त्यामुळे "उंदराला कोण विचारतो" हे जुनं उत्तर आता देऊ नका. शिवाय सापळ्याला वाचता येत नाही. उंदरासाठी लावलेल्यात संरक्षित प्राणीही शिरतो (प्रश्न १६).

शिक्षण आणि संशोधनासाठी कलम १२ खाली परवाना मिळतो. अर्ज मुख्य वन्यजीव रक्षकांकडे, नागपूरला. यावल किंवा अनेर धरण अभयारण्यात जायचं असेल तर प्रवेशाची परवानगी वेगळी. वनहक्क मिळालेल्या गावाच्या हद्दीत ग्रामसभेला आधी भेटा. सोबत परदेशी संशोधक असेल किंवा नमुना देशाबाहेर जाणार असेल तर जैवविविधता कायदाही लागू होतो. अर्ज तीन-चार महिने आधी टाका. शिबिराच्या तोंडावर केलेल्या अर्जाचं काय होतं हे मी स्वतः भोगलं आहे: मुलं तयार, सापळे तयार, आणि आम्ही आठवडाभर एका मित्राच्या खळ्यावर नुसते सापळे उघडझाप करायला शिकलो.

४. सगळ्यात चांगला काळ कोणता?

ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात पिल्लं होतात, खरिपाचं दाणागोटा रानात पसरलेलं असतं, त्यामुळे पावसानंतर संख्या चढते. ज्वारी-बाजरी काढून झाली की जनावरं बांधावर आणि खळ्याकडे सरकतात, तेव्हा बांधावरचे सापळे भरतात. भर पावसात काळ्या मातीत सापळा लावणं म्हणजे जनावर बुडवणं. एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळकडचं ऊन कसं असतं ते सांगायला नको. तेव्हा आम्ही सापळे काढतच नाही.

चांदण्याचाही फरक पडतो. पौर्णिमेच्या आसपास उघड्या रानातली जनावरं घुबडाच्या भीतीने झुडपाबाहेर कमी येतात. म्हणून तिथी वहीत लिहा. दोन वर्षांची तुलना करताना एक अमावास्येचं आणि एक पौर्णिमेचं शिबिर शेजारी ठेवलंत तर निष्कर्ष चंद्राचा निघेल, उंदरांचा नाही.

५. बाजारातला उंदराचा पिंजरा चालेल का? चिकट पुठ्ठा?

पिंजरा चालतो. तारेचा साधा पिंजरा मोठ्या उंदराला आणि घुशीला उत्तम. पण इवलं शेतउंदीर, ज्याचं वजन बहुधा दहा-बारा ग्रॅमच्या आसपास असतं, त्याच्या जाळीतून आरामात बाहेर पडतं किंवा त्याच्या वजनाने खटका पडतच नाही. त्यासाठी शर्मन सापळा. ही घडीची अॅल्युमिनियमची पेटी असते, सुमारे ३ इंच रुंद, साडेतीन उंच आणि ९ लांब. आतल्या फळीवर पाय पडला की दार बंद. फळीचा ताण प्रत्येक सापळ्यात वेगळा असतो. लावण्याआधी बोटाने हलकेच दाबून बघा. एक रुपयाच्या दोन-तीन नाण्यांच्या वजनाला पडला पाहिजे.

मोठी घूस शर्मनमध्ये मावत नाही. म्हणून दोन्ही प्रकार जोडीने लावा, आणि कोणतं जनावर कशात सापडलं ते लिहा. फक्त शर्मन लावणाऱ्याला "इथे घुशी नाहीत" असं म्हणायचा अधिकार नाही.

चिकट पुठ्ठा नको. जनावर तासन्‌तास तडफडतं, कातडी सोलते, अभ्यासालाही काही उरत नाही. पुठ्ठा आणणाऱ्या मुलाला आम्ही परतीच्या एसटीत बसवतो. चापाने मारणारे सापळे जुन्या पाहण्यांत सर्रास होते. आमच्या शिबिरात नाहीत.

६. आमिष काय लावायचं? पुस्तकात पीनट बटर आणि ओट्स लिहिलंय.

पीनट बटर आणायला भुसावळला जाऊ नका. भाजलेल्या शेंगदाण्याचा जाडसर कूट, बाजरीचं पीठ, थोडं तेल, बोराएवढी गोळी. वास लांब जातो आणि गोळी फळीला चिकटून राहते. गूळ घालू नका. गुळाने मुंग्या येतात, आणि मुंग्या फक्त आमिष खाऊन थांबत नाहीत, कोंडलेल्या जनावराला चावून मारतात. मुंग्यांची रांग दिसली तर सापळा दोन-तीन मीटर बाजूला घ्या. कीटकनाशकाची पावडर शिंपडू नका, तेच औषध उंदराच्या पायाला आणि मग तोंडाला लागतं. चिचुंद्रीसाठी सुकट. आणि हो, सगळ्या सापळ्यांत सगळ्या रात्री आमिष एकच ठेवा. चौथ्या दिवशी भजी लावून बघू, असा उत्साह दरवर्षी कोणाला तरी येतो.

७. सापळे नेमके कुठे आणि किती अंतरावर?

दोन पद्धती आहेत. काय काय आहे एवढंच बघायचं असेल तर रांग: बांधाच्या, नाल्याच्या किंवा दगडी पौळीच्या कडेने दर १० मीटरला एक. संख्या काढायची असेल तर चौकट: आमची ७ बाय ७ ची असते, ४९ सापळे, १० मीटर अंतर, म्हणजे ६० मीटर बाजूचा चौरस.

खुणेच्या जागी काठी रोवायची, पण सापळा काठीपासून हातभर अंतरात जिथे पायवाट, बिळाचं तोंड, लेंड्या किंवा कुरतडलेली कणसं दिसतील तिथे ठेवायचा. बूड जमिनीला टेकलं पाहिजे. डुगडुगणाऱ्या सापळ्यात कोणी शिरत नाही. तोंड बिळाकडे, पाठ उताराकडे, वर गवताची किंवा पळसपानांची शाकारणी. बिळं वाचायला गावातल्या माणसाला सोबत घ्या. आमच्यासोबत येणारे पावरा या आदिवासी समाजातले दादा बिळाचं तोंड बघून सांगतात की हे चालू आहे की सोडलेलं. बाहेर ताज्या मातीचा ढिगारा आणि तोंड आतून बुजवलेलं असेल तर घूस, मोकळं गोल तोंड आणि जवळच दुसरं असेल तर बहुधा जर्बिल. त्यांची मजुरी शिबिराच्या खर्चात पहिल्या ओळीत लिहा, शेवटच्या नाही.

काठीला रंगीत फीत बांधतात. पहिल्या वर्षी आमच्या लाल फिती शेळ्यांनी खाल्ल्या. आता आम्ही काठीवर रंगाने आकडा घालतो. सापळेही मोजून उचला. अॅल्युमिनियम आहे, भंगारात जातं.

८. सापळे किती वाजता लावायचे आणि किती वेळा बघायचे?

सूर्य मावळायच्या तासभर आधी उघडायचे, पहाटे फटफटताना पहिली फेरी सुरू, आणि ऊन चढायच्या आत सगळे बंद. नोव्हेंबरातही इथलं ऊन धातूच्या पेटीला नऊ वाजता तव्यासारखं करतं. खार किंवा वृक्षचिचुंद्रीसाठी दिवसा लावायचे असतील तर सावलीत, आणि दर दोन तासांनी फेरी.

थंडीचं उलट. डिसेंबर-जानेवारीत धुळे-नंदुरबारकडे पारा फार उतरतो, आणि धातूच्या पेटीत छोटं जनावर गारठून मरतं. आत कापूस घाला. खानदेशात कापूस मागायला लाज वाटायचं कारण नाही, कोणीही ओंजळभर देतं. सरकीसकट दिला तरी घ्या, सरकीही खातात. फक्त कापूस दवाने भिजला तर बदलायचा, ओला कापूस नसल्यापेक्षा वाईट.

आणि मोजा. लावताना ४९, बंद करताना ४९. एका सकाळी मी ४८ वर "झाले" म्हणालो होतो. एकोणपन्नासावा तिसऱ्या दिवशी करवंदीच्या जाळीखाली सापडला. आत जर्बिलाची मादी होती. त्या दिवसापासून मोजणी दोन माणसं करतात आणि दोघं वेगवेगळ्या वहीत लिहितात.

९. 'सापळा-रात्र' हे काय गणित आहे?

एक सापळा एक रात्र उघडा राहिला की एक सापळा-रात्र. ४९ सापळे ५ रात्री म्हणजे २४५. पण काही सापळे वाऱ्याने किंवा गाईच्या पायाने रिकामेच पडतात. ते कधी पडले हे माहीत नसतं, म्हणून अशा प्रत्येकाची अर्धी रात्र वजा करतात. समजा १४ रिकामे पडले, तर २४५ वजा ७, म्हणजे २३८. जनावरं मिळाली १९. १९ भागिले २३८ गुणिले १००, सुमारे ८ टक्के. "आम्हाला १९ उंदीर मिळाले" या वाक्याला काही अर्थ नाही, "२३८ सापळा-रात्रींत १९" याला आहे.

१०. सापडलेलं जनावर बाहेर कसं काढायचं? मला भीती वाटते.

भीती वाटू द्या, घाई नको. सापळ्याच्या तोंडावर कापडी पिशवी घट्ट धरायची, दार आतल्या बाजूला दाबायचं, सापळा पिशवीकडे कलता करून हलकेच झटकायचा. उजेड एका टोकाला असेल तर जनावर अंधाराकडे, म्हणजे पिशवीत, आपणहून जातं. मग पिशवीसकट वजन करायचं, नंतर रिकाम्या पिशवीचं वजा. मानेमागची सैल कातडी पिशवीबाहेरूनच चिमटीत पकडायची आणि मग कापड मागे सारायचं.

जर्बिलाला शेपटीने कधीही उचलू नका. शेपटीची कातडी मोज्यासारखी निसटून हातात येते. घूस चिमटीत धरायच्या भानगडीत नवख्याने पडू नये. ती अंग फुलवून गुरगुरते आणि गुरगुरते तशी चावतेही. हे सगळं एका जनावराला पाच मिनिटांत व्हायला हवं. फोटोसाठी सहावं मिनिट मागणारे असतातच. नाही म्हणायचं.

११. चिचुंद्री सापडली तर वेगळं काही करायचं का?

हो, आधी तिला सोडायचं. चिचुंद्रीचं शरीर इतकं भराभर जळतं की काही तास पोटात काही गेलं नाही तर ती मरते. म्हणून चिचुंद्र्या हव्या असतील तर रात्री दर तीन तासांनी फेरी, आणि आत सुकट भरपूर. त्याहून लहान जाती जमिनीत पुरलेल्या बादलीत मिळतात. एट्रस्कन चिचुंद्री तर सुमारे दोन ग्रॅमची, जगातल्या सगळ्यात हलक्या सस्तन प्राण्यांत मोडणारी. बादलीच्या बुडाला भोकं पाडा, कोरडं गवत टाका, आणि शिबिर संपताना बादल्या उपसून खड्डे बुजवा. झाकण लावून "पुढच्या वर्षी कामाला येतील" म्हणून सोडलेली बादली वर्षभर जनावरं मारत राहते.

१२. मोजमापं कोणती घ्यायची?

वजन, डोकं-धड, शेपूट, मागचं पाऊल आणि कान. पाऊल टाचेपासून सगळ्यात लांब बोटाच्या टोकापर्यंत, नख सोडून. नखासकट मोजणारी जुनी मंडळी होती, म्हणून तुम्ही कसं मोजलंत ते वहीत लिहा. शेपूट तुटकी असेल तर मोजून पुढे 'तुटकी' लिहा, नाहीतर पुढे कोणीतरी आखूड शेपटीची नवी जात शोधून काढेल.

नर-मादी ओळखताना मूत्रमार्ग आणि गुदद्वार यांतलं अंतर बघा, नरात ते जास्त असतं. मादीत स्तनाग्रं मोजा, गाभण आहे का, दूध आहे का ते लिहा. गोचीड, पिसवा दिसल्या तर त्याही.

१३. काळा उंदीर, मिलार्डिया, गोलुंडा, जर्बिल: सगळे तपकिरीच दिसतात. ओळखायचे कसे?

रंगावर जाऊ नका. शेपूट, तळपाय आणि दात बघा.

काळ्या उंदराची शेपूट डोक्या-धडापेक्षा लांब, तळपायावर सहा गाद्या, स्तनाग्रं साधारण दहा. मिलार्डियाचे केस हाताला रेशमासारखे, पोट फिकं, तळपायावर गाद्या चार किंवा पाच, स्तनाग्रं आठ. गोलुंडा बुटका, गोल तोंडाचा, खरखरीत केसांचा, वरच्या पुढच्या दातांवर उभी खाच. जर्बिलाच्या दातांवरही खाच असते, पण त्याला चुकायला जागा नाही: मोठे काळेभोर डोळे, लांब मागचे पाय, पांढरं पोट, शेपटीच्या टोकाला काळा झुपका. घुशीची शेपूट अंगापेक्षा आखूड आणि तोंड बोथट. घुशीला इंग्रजीत जो बँडिकूट शब्द आहे तो तेलुगूतल्या 'पंदिकोक्कु', म्हणजे डुक्कर-उंदीर, यावरून गेलेला आहे. तोंड बघितलं की पटतं.

सगळ्यात जास्त फसवतं ते काळ्या उंदराचं पिल्लू. वजनाने शेतउंदराएवढं, पण डोकं आणि पाऊल अंगाच्या मानाने मोठं. पाऊल मोजलंत की उकल होते. शेतउंदरांतही काहींची पाठ बोटाला काटेरी लागते, त्या वेगळ्या जाती आहेत. झुडपावर इवल्या अंगाचा, अंगापेक्षा कितीतरी लांब शेपटीचा उंदीर दिसला तर त्याच्या पायाची कडेची बोटं बघा. नखर नसून सपाट नखं असतील तर तो वँडेल्यूरिया. नाही ओळखता आलं तर 'अनोळखी' लिहा, मापं पूर्ण घ्या, तळपायाचा आणि दातांचा फोटो काढा. अंदाजाने लिहिलेलं नाव पुसायला फार त्रास होतो.

१४. तोच उंदीर पुन्हा आला हे कसं कळतं? त्यावरून एकूण किती आहेत ते कसं काढतात?

आम्ही कुशीवरचे केस ठरावीक जागी कातरतो. आठवडाभर खूण टिकते, शिबिराला पुरे. लांबच्या अभ्यासाला कानातला बिल्ला किंवा कातडीखालची चिप लागते. बोटं छाटायची जुनी पद्धत आम्ही वापरत नाही.

गणित सोपं आहे. पहिल्या फेरीत २४ जनावरांना खूण केली. पुढच्या फेरीत २० मिळाली, त्यात खुणेची ८. तर २४ गुणिले २० भागिले ८, अंदाजे ६०. संख्या लहान असताना हे सूत्र जरा फुगवून सांगतं, म्हणून चॅपमनची दुरुस्ती करतात: २५ गुणिले २१ भागिले ९, वजा १. उत्तर ५७. मधल्या काळात कोणी आलं-गेलं-मेलं नाही आणि सगळी सारखीच सापडतात, हे यात गृहीत धरलेलं आहे. दुसरी गोष्ट क्वचितच खरी असते. शेंगदाण्याला चटावलेला एखादा पठ्ठ्या रोज रात्री मुक्कामाला येतो. त्याची दखल घ्या, त्याला नाव ठेवू नका. आमच्या 'मामा'मुळे मुलांनी आकडेमोड सोडून त्याचीच वाट बघितली होती.

१५. आजार होतील का? सुरतेचा प्लेग आठवतो.

पालकांचा हा प्रश्न अगदी रास्त आहे. १९९४ मध्ये सुरत आणि बीड ही दोन्ही नावं प्लेगसाठी गाजली, आणि खानदेश त्या दोन्हींच्या मधे आहे. रानातला जर्बिल हा भारतात प्लेगच्या जंतूंचा जुना यजमान मानला जातो. पण शिबिरात रोजचा धोका वेगळा असतो: मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस, आणि गवतातल्या बारीक माइटच्या अळीमुळे होणारा स्क्रब टायफस.

म्हणून हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या, पायमोज्यात खोचलेली पँट. उंदरं हाताळणारा माणूस त्या दरम्यान खात-पीत नाही, तंबाखू मळणारा तर अजिबात नाही. वापरलेला सापळा जंतुनाशकाने धुऊन उन्हात वाळवायचा. सापळ्यात पिसवा बेसुमार दिसल्या किंवा गावात उंदीर आपोआप मरून पडत असल्याचं कळलं तर सापळे बंद करून प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवायचं.

शिबिरानंतर तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना "मी उंदीर हाताळले होते" हे वाक्य आधी सांगा. अंगावर काळपट खपली दिसली तर तीही दाखवा, ती स्क्रब टायफसची खूण असू शकते. आधीच गोळ्या घ्याव्यात का, हे डॉक्टरांनाच विचारा. चावलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं, मग दवाखाना. धनुर्वाताचं इंजेक्शन शिबिराला येण्याआधी घेऊन या.

१६. सापळ्यात भलतंच काही शिरलं तर?

शिरतं. मुंगूस तारेच्या पिंजऱ्यात येतो, सरडे येतात, होला येतो. दार उघडून मागे व्हा. नोंद करा, मोजमाप करत बसू नका, त्याची परवानगी तुमच्याकडे नाही.

साप दोन वाटांनी येतो. कधी बंद सापळ्यातल्या उंदराच्या वासाने सापळ्याखाली वेटोळं घालून बसतो, कधी आतच असतो. म्हणून सापळा उचलण्याआधी काठीने हलवायचा, बंद सापळा कानाजवळ नेऊन "आत काय आहे" ऐकायचं नाही, आणि बिळात हात घालायचा नाही, कधीच नाही. दगडी पौळीत फुरसं आणि वावरात घोणस, नाग, मण्यार सगळे आहेत. पहाटेची फेरी विजेरी आणि बूट असल्याशिवाय होणार नाही. जवळचं कोणतं सरकारी रुग्णालय सर्पदंशावरचं प्रतिविष ठेवतं ते पहिल्याच दिवशी चौकशी करून जीपमध्ये चिकटवा.

१७. अभ्यासासाठी मारावं लागतं का?

विद्यार्थी शिबिरात नाही. संग्रहालयाला नमुना लागतो तेव्हा तज्ज्ञ, परवान्यात लिहिलेल्या संख्येपुरतंच आणि वेदनारहित पद्धतीनेच करतात. काही जाती कवटीशिवाय खात्रीने ओळखता येत नाहीत, हे खरं आहे. पण शंभर मुलांनी शंभर कवट्या साफ करायची गरज नाही.

सापळ्यात मेलेलं जनावर मात्र फेकू नका. मापं घ्या, छोटा ऊतीचा तुकडा तीव्र अल्कोहोलमध्ये, बाकीचं फॉर्मालिनमध्ये, आणि परवान्यातल्या अटीप्रमाणे संग्रहाकडे द्या. झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे. मृत्यू वहीत लिहायचाच. किती मेले आणि का, हे न लिहिणारं शिबिर पुढच्या वर्षी तितकेच मारतं.

१८. लेबलचं एवढं काय? फोटोत लोकेशन असतंच की.

रानपिंगळ्याची गोष्ट ऐका. सस्तन प्राणी नाही, पण गाव आपलंच आहे. १८८० च्या दशकात डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात या घुबडाचे नमुने गोळा केले. पुढे मायनर्ट्‌झहागेन या गृहस्थाने त्यातला एक संग्रहालयातून चोरला, नव्याने भरला आणि लेबल लावलं: मांडवी, गुजरात, १९१४. पक्षी शोधणारे त्या खोट्या लेबलमागे भटकत राहिले. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी उघडकीला आणली, खऱ्या लेबलवरच्या जागा धरल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत बसलेला दिसला. शंभराहून जास्त वर्षांनी.

तेव्हा प्रत्येक जनावरामागे जागा, अक्षांश-रेखांश, तारीख, अधिवास, सापळ्याचा प्रकार आणि पकडणाऱ्याचं नाव. न पुसणाऱ्या शाईने, त्याच दिवशी. नुसतं 'पूर्व खानदेश' किंवा 'धुळे जिल्हा' पुरत नाही: १९०६ मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले, पुढे त्यांची नावं बदलली, आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार निघाला. जुन्या लेबलवरचं धुळ्यातलं एखादं गाव आज नंदुरबारात असतं. जिल्हे हलतात, अक्षांश हलत नाही. फोन तर तापीच्या पुरातही जातो आणि खिशातून विहिरीतही.

१९. शेतकरी विचारतो: धरलेले उंदीर माझ्याच वावरात परत सोडता? आणि विष टाकलेलं चालेल का?

पहिला भाग अवघड आहे आणि त्यावर वाद घालू नये. आम्ही आधीच सांगतो: आम्ही कमी करायला आलो नाही, मोजायला आलो आहोत, आणि धरलेलं जिथे धरलं तिथेच सुटेल. पटलं नाही तर त्या वावरात सापळा लावत नाही. दुसऱ्याच्या बांधावर नेऊन सोडणं तर त्याहून वाईट, शेजाऱ्याशी भांडण आपल्या नावावर. मोबदल्यात आम्ही त्याला काय मिळालं ते नकाशासकट देतो. कोणत्या बांधावर घुशी आणि कोणत्या बांधावर निरुपद्रवी जनावरं, एवढं कळलं तरी त्याचं विष निम्मं वाचतं.

विष टाकलेल्या वावरात सापळे नकोत. झिंक फॉस्फाइड खाऊन वाचलेला उंदीर नव्या खाद्याला बिचकतो, मग सापळे रिकामे राहतात. ब्रोमॅडिओलोनने रक्त गोठत नाही, तशी जनावरं सापळ्यात रक्ताळलेली मिळतात. आणि विष खाल्लेला उंदीर पिंगळ्याने खाल्ला तर विष पिंगळ्यालाही लागतं. गेल्या महिनाभरात काय टाकलं ते विचारून लिहा.

२०. सापळेच नसतील तर काही करता येईल का?

येईल, आणि परवान्याची कटकटही कमी. गव्हाणी घुबड भक्ष्य गिळतं आणि केस-हाडांचा गोळा ओकून टाकतं. जुन्या वाड्यात, बंद पडलेल्या जिनिंगच्या छपरात, विहिरीच्या कपारीत असे गोळे सापडतात. कोमट पाण्यात भिजवून सोडवले की आत अख्ख्या कवट्या. चिचुंद्रीचे टोकदार दात आणि उंदराचे पटाशीसारखे दात शाळकरी मुलंही वेगळे काढतात. आमच्या सापळ्यांना कधी न मिळालेली जात एकदा घुबडाने आणून दिली होती. गोळे हाताळतानाही मास्क लावा, आणि घरट्यात पिल्लं असताना तिकडे फिरकू नका.

२१. पाच रात्री लावले आणि काहीच मिळालं नाही. अहवालात काय लिहू?

तेच. २४५ सापळा-रात्री, शून्य. सोबत आमिष, तिथी, तापमान, पीक आणि सापळ्याचा प्रकार. एका मुलीने असा शून्याचा अहवाल रडत दिला होता. पुढच्या वर्षी त्याच जागी अकरा जनावरं मिळाली, आणि तिच्या शून्यामुळेच त्या अकराला अर्थ आला. फक्त शून्य लिहिण्याआधी खटके तपासा (प्रश्न ५) आणि विषाची चौकशी करा (प्रश्न १९).

२२. गाभण मादी सापळ्यातच व्याली. आता?

वर्षा-दोन वर्षांत एकदा होतं. मोजमाप विसरा, पिशवी नको, पिल्लांना हात नको. दार उघडं राहील असं काडीने अडकवा, आत कोरडा कापूस आणि आमिषाच्या दोन गोळ्या सरकवा, सापळा आहे त्याच जागी सावलीत ठेवून वर पानं टाका आणि निघून या. बहुतेकदा रात्रीतून मादी एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. सकाळी बघायला एकानेच जायचं. सापळा रिकामा असला तर धुऊन घ्या. पिल्लं तिथेच असली तर सापळा शिबिर संपेपर्यंत तिथेच राहू द्या, आणि त्या रात्रीपासून चौकटीत ४८ सापळे धरून गणित करा.